ठासणीच्या रायफलचा पीळ कसा मोजायचा

ठासणीची बंदूक म्हटलं की मुंबईतल्या पुष्कळ मराठी माणसांना कोकणातलं घर आठवतं. शेतीच्या राखणीसाठी काढलेला परवाना, आतल्या खोलीत खुंटीला लावलेली एकनळी आणि रानडुकरांच्या रंगवून सांगितलेल्या गोष्टी. त्या बंदुकीचा पीळ मोजायचा असेल तर काम सोपं आहे, कारण बहुतेक वेळा तो नसतोच. नळी आतून गुळगुळीत, छरे उडवायला केलेली. हा लेख आहे तो ठासणीच्याच, पण नळीच्या आत पेचदार खाचा पाडलेल्या रायफलींबद्दल.

अशी रायफल मुंबईत अगदीच दुर्मीळ नाही. शिकारी घराण्यांचे वारस, परवाना काढून जुनी हत्यारं जमवणारे, संग्रहालयासाठी नोंदी करणारे, अशांच्या हाती ती येते. कागद हरवलेले असतात, नळीवरचे छाप झिजलेले असतात आणि विकणाऱ्याने सांगितलेली कथा फारच सुरस असते. मग प्रश्न पडतो की ही रायफल मुळात कशासाठी केली होती? गोल गोळी मारायला, लांब गोळी मारायला, पलटणीत द्यायला की वाघावर जायला? याचं बरंचसं उत्तर नळीच्या आत कोरलेलं असतं. ते वाचायला एक गज (नळीत घालायची सळई), एक चिंधी, मोजपट्टी आणि थोडा धीर एवढं पुरतं.

खाचांनी नळीच्या आत एक पूर्ण फेरा घ्यायला किती लांबी घेतली, तो आकडा म्हणजे पीळ. ४८ इंचांत एक फेरा असेल तर ‘एकास अठ्ठेचाळीस’ म्हणतात आणि १:४८ असं लिहितात. आकडा मोठा तितका पीळ सैल, आकडा लहान तितका घट्ट. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. १:७८ ऐकायला जोरकस वाटतं, पण तो १:४८ पेक्षा सैल आहे.

पीळ हवा कशाला, तर गोळी फिरवायला. फिरता भोवरा उभा राहतो आणि थांबला की आडवा पडतो, तसंच लांबट गोळीचं आहे. हवेचा दाब तिच्या नाकाकडे पडतो, वजनाचा मध्य मागे असतो, त्यामुळे सरळ जाण्यापेक्षा उलथण्याकडे तिचा कल असतो. वेगाने फिरत राहिली तरच ती नाक पुढे ठेवते. गोल गोळीला ही अडचण नाही. तिला नाकही नाही आणि शेपूटही नाही, कशीही वळली तरी हवेपुढे आकार तोच. तरीही तिला थोडं फिरवावं लागतं, कारण ओतलेल्या शिशात कुठेतरी पोकळी राहते, एक बाजू किंचित जड होते. गोळी फिरली की ही खोट सगळ्या बाजूंना सारखी वाटली जाते आणि गोळी एकाच बाजूला वाहवत जात नाही. इंग्लंडमध्ये गणिती बेंजामिन रॉबिन्सने १७४० च्या दशकातच हे लिहून ठेवलं होतं.

म्हणून गोल गोळीच्या रायफलींचा पीळ सैल असतो, साधारण १:६० च्या पलीकडे. लांब गोळीच्या रायफलींचा घट्ट. मधला १:४८ हा दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा. थॉम्पसन-सेंटर या अमेरिकी कंपनीच्या हॉकन रायफलीत तोच घेतलेला होता, म्हणजे गिऱ्हाईकाने गोल गोळी घातली काय आणि लांब घातली काय, बरं चालावं. मला हा मधला मार्ग फारसा आवडत नाही, पण विकायला सोयीचा आहे हे खरं.

आधी नळी रिकामी आहे का ते बघा

ठासणीच्या हत्यारात काडतूस उघडून बघायची सोय नाही. दारू आणि गोळी तोंडाकडून ठासलेली असते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर तिची ताकद पिढ्यान्‌पिढ्या जात नाही. अमेरिकेत १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून गोळा केलेल्या हजारो बंदुकांपैकी बहुतेक भरलेल्या निघाल्या आणि कित्येकींत एकावर एक दोन-दोन बार ठासलेले होते. ज्यांच्या हातात त्या होत्या त्यांनाही ते कळलं नव्हतं. पणजोबांच्या बंदुकीबद्दल आपल्याला कुठून कळणार!

तपासणी सोपी आहे. नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून गज आत अलगद बुडापर्यंत सोडा. तोंडाच्या कडेशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून धरा. टोक निप्पलपाशी (टोपी बसवायच्या बोंडीपाशी) किंवा कानापाशी (बत्ती द्यायच्या भोकापाशी) पोचलं तर नळी रिकामी. इंचभर किंवा जास्त अलीकडे थांबलं तर ती भरलेली आहे असंच धरून चाला. काही नळ्यांच्या बुडाशी दारूचं दालन मुद्दाम अरुंद केलेलं असतं, तिथेही गज अलीकडेच थांबतो. पण तो निवाडा घरी करू नका. परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे न्या. आतला बार उकरायचा नाही, तापवायचा तर अजिबातच नाही. आणि तोंडाला डोळा लावून आत बघण्याचा मोह नळी रिकामी ठरेपर्यंत आवरा.

गज, चिंधी आणि ओळंबा

कल्पना साधी आहे. नळीत घट्ट बसणारी चिंधी ओढली की ती खाचांमागून वळत येते, आणि ती वळली की तिच्याबरोबर गजही वळतो. गज किती सरकला आणि किती फिरला एवढं मोजलं की झालं.

अडचण तपशिलात आहे. पहिली म्हणजे गज मोकळा फिरला पाहिजे. मुठीत करकचून धरला तर चिंधी खाचा सोडून सरळ घसरत येते आणि आकडा खोटा निघतो. ज्याची मूठ बेअरिंगवर फिरते असा साफसफाईचा गज मिळाला तर उत्तम. नाही तर नागदेवी स्ट्रीटला जाऊन आठ मिलिमीटरची पितळी सळई आणि एक लहान बेअरिंग घ्या, तिथला कुठलाही टर्नर एका टोकाला फिरती मूठ आणि दुसऱ्याला आटे पाडून देईल. सळई पितळीच घ्या. लोखंडी गज नळीच्या तोंडाची कड खातो आणि ठासणीच्या रायफलीचा नेम त्या कडेवरच अवलंबून असतो.

गजाच्या टोकाला चिंधी धरणारा खाचेदार पितळी तुकडा येतो, त्याला जॅग म्हणतात. त्यावर सुती कापडाची चिंधी, थोडं तेल लावून. चिंधी किती घट्ट हवी हे हाताला कळतं: आत ढकलताना जोर लागला पाहिजे, पण हातोडीची गरज पडता कामा नये. सैल पडली तर एकाच्या दोन चिंध्या करा. तारेचा ब्रश या कामाला वापरू नका, त्याचे केस खाचांवरून उड्या मारतात.

मोजायचं ते बाहेर ओढताना, आत ढकलताना नव्हे. ढकलताना गज वाकतो. आणखीही एक कारण आहे. बहुतेक रायफलींचा पीळ उजवा असतो, आणि उजव्या पिळात गज आत ढकलला तर जॅग आट्यांतून सुटायच्या दिशेला वळतो. बाहेर ओढला तर आवळला जातो. जॅग अर्धा फेरा सैल झाला की तुमचं मोजमापही अर्ध्या फेऱ्याने गेलं.

आता फिरणं मोजायचं कसं? सर्रास सांगितली जाणारी रीत अशी की गजावर वरच्या बाजूला एक खूण करायची, गज ओढत जायचं आणि खूण पुन्हा वर आली की थांबून अंतर मोजायचं. घट्ट पिळाला हे ठीक आहे. पण ३३ इंचांच्या नळीत १:६६ पीळ असेल तर पूर्ण फेरा नळीत मावतच नाही, जेमतेम अर्धा मिळतो. मग लोक पाव फेरा मोजून चारने गुणतात आणि डोळ्यांनी केलेली चूकही चारने गुणली जाते. आठ मिलिमीटरच्या सळईचा घेर असतो २५ मिलिमीटर. त्यावर एक मिलिमीटर चुकलं की १४ अंश चुकले.

म्हणून उलटं करावं. अंतर ठरवून घ्यावं आणि कोन मोजावा, तोही मोठ्या चकतीवर. जुनी सीडी यासाठी फार छान. कागदावर ३६० अंशांचा चांदा छापून सीडीवर चिकटवा, मधल्या भोकात बाटलीचं बूच बसवून त्यातून सळई घट्ट जाऊ द्या. सीडीचा घेर सुमारे ३७७ मिलिमीटर, म्हणजे एक अंश जवळजवळ एक मिलिमीटरएवढा दिसतो. राहिला प्रश्न शून्य कुठे धरायचा, कारण गज बाहेर येताना सीडीही पुढे सरकत जाते, नळीवर बसवलेला काटा तिथपर्यंत पोचत नाही. त्यावर गवंड्याची युक्ती चालते. सीडीच्या लगेच पुढे गजावरून एक दोरा सैल टाकायचा आणि त्याला नट बांधून ओळंबा करायचा. गज फिरला तरी दोरा उभाच राहतो. रायफल दोन उशांवर आडवी, हलणार नाही अशी ठेवा, कारण तीच कलंडली तर सगळं फुकट.

गज बुडापर्यंत घालून दोन इंच मागे घ्या, म्हणजे चिंधी खाचांत नीट बसते आणि ढकलण्यातला सैलपणा निघून जातो. तोंडापाशी गजावर चिकटपट्टी लावा, दोरा चांद्याच्या कुठल्या अंशावर आहे ते लिहा. मग संथपणे ओढा, २४ इंच किंवा नळी जितकं देईल तितकं. अंतर मोजा, अंश वाचा. सरकलेल्या इंचांना ३६० ने गुणायचं आणि फिरलेल्या अंशांनी भागायचं. २४ इंचांत १२० अंश फिरला तर २४ गुणिले ३६० भागिले १२०, म्हणजे ७२. पीळ १:७२.

हे तीन-चार वेळा, दर वेळी नवी चिंधी घेऊन करावं. आकडे जवळजवळ आले तर विश्वास ठेवायचा. एखादा भलताच मोठा आला, म्हणजे गज फारच कमी फिरला, तर चिंधी घसरली असं समजून तो टाकून द्यायचा. चूक जवळजवळ नेहमी याच बाजूला होते: घसरलेली चिंधी पीळ सैल दाखवते, घट्ट कधी दाखवत नाही. त्यामुळे सरासरी काढण्यापेक्षा मी एकमेकांशी जुळणाऱ्या आकड्यांतल्या सगळ्यात घट्ट आकड्याकडे जास्त बघतो. ६७.५ आला तर तो बहुधा ६६ आहे, कारण २४ इंचांत तीन अंशांचा फरक एवढाच असतो. कारखाने ४८, ६६, ७२, ७८ असे ठरलेले आकडे वापरत, हेही लक्षात असू द्या.

तोंडाकडून खाचा बघून अंदाज बांधणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका. ०.५७७ इंच व्यासाच्या नळीत १:७८ पिळाची खाच नळीच्या रेषेशी सुमारे १.३ अंशांचा कोन करते आणि १:४८ ची सुमारे २.२ अंशांचा. एका अंशाहून कमी फरक गंजलेल्या नळीत कुणालाही डोळ्यांनी ओळखता येत नाही.

नळीच्या पहिल्या अर्ध्या भागात आणि दुसऱ्या अर्ध्या भागात अंश वेगळे आले तर तो वाढता पीळ असू शकतो, बुडाशी सैल आणि तोंडाकडे घट्ट होत जाणारा. मग आकडा एक नसतो, दोन टोकांचे दोन लिहावे लागतात.

आकडा हाती आला, पुढे काय

आपल्याकडे सगळ्यात जास्त नाव होतं ते एनफिल्डचं. १८५७ च्या काडतुसांच्या वादातली रायफल ती हीच, १८५३ च्या नमुन्याची. ३९ इंचांची नळी, तीन खाचा, पीळ १:७८, म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत अर्धाच फेरा घेते. हिच्या खाचा बुडाशी खोल आणि तोंडाकडे उथळ केलेल्या असत. काही लोक यालाच वाढता पीळ समजतात, पण इथे बदलते ती खाचेची खोली, पीळ तोच राहतो. हिच्याच आखूड बहिणीत, १८६० च्या नमुन्याच्या ३३ इंची दोन कड्यांच्या रायफलीत, पाच खाचा आणि १:४८ पीळ आहे. तेव्हा हातातली आखूड रायफल खरोखर या आखूड नमुन्याची, की लांब रायफल तोडून केलेली, हे खाचा मोजून आणि गज ओढून बऱ्याचदा कळतं.

आणि एक एनफिल्ड अशी आहे की तिच्यात गज फिरतच नाही. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींच्या हातात पल्लेदार रायफल द्यायचं टाळलं. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड, पण नळी रुंद आणि आतून गुळगुळीत, अशा बंदुका त्यांच्यासाठी केल्या. त्यांच्या नळीचा व्यास ०.६५६ इंच, म्हणजे मूळ रायफलीपेक्षा दोन मिलिमीटर मोठा. व्हर्नियर कॅलिपर तोंडात घातला की गज काढायच्या आधीच खुलासा होतो. अशी बंदूक ‘सत्तावनची रायफल’ म्हणून कुणी दाखवली तर फार आनंद होऊ देऊ नका.

जुन्या लिखाणात पीळ १:४८ असा न लिहिता नळीच्या लांबीवर लिहिलेला सापडतो. नेपोलियनच्या युद्धांतल्या बेकर रायफलीत ३० इंचांच्या नळीत पाव फेरा होता, म्हणजे १:१२०. तिच्या जागी आलेल्या ब्रन्सविकमध्ये दोनच खाचा आणि ३० इंचांत पुरा फेरा, म्हणजे १:३०. सिंधच्या सरहद्दीवर जॉन जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःची दुनळी रायफल बनवून घेतली होती. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे ही आपल्याच इलाख्याची म्हणायला हरकत नाही. चार खोल खाचा, २४ इंचांच्या नळीत चार-पंचमांश फेरा. २४ ला ०.८ ने भागा, उत्तर ३०.

शिकाऱ्यांचं गणित वेगळं होतं. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात नोकरीला असलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा आग्रह होता की मोठ्या जनावरावर जाणाऱ्या रायफलीत जाड गोल गोळी, भरपूर दारू आणि अगदी सैल पीळ हवा. कारण घट्ट पिळात दारू जास्त झाली की गोळी खाचांबरोबर वळत नाही, त्यांच्यावरून घासत सरळ निघते आणि मग कुठे जाईल त्याचा नेम नाही. तुमच्या जाड नळीच्या शिकारी रायफलीचा पीळ १:१०० च्या आसपास निघाला तर मोजमाप चुकलं असं लगेच धरू नका.

पिळावरून गोळीची लांबी अजमावायला एक जुनं सूत्र आहे. वुलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड ग्रीनहिलने ते १८७९ मध्ये मांडलं. गोळीचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा, आला पीळ. अर्ध्या इंचाच्या गोल गोळीत लांबी म्हणजे व्यासच, त्यामुळे उत्तर ७५. गोल गोळीच्या रायफलींचे पीळ ६६ ते ७२ का असतात ते इथे उलगडतं: सूत्र मागतं त्यापेक्षा थोडे घट्ट, बस. व्हिटवर्थची षटकोनी नळी ०.४५१ इंचांची, तिची गोळी बारीक आणि लांब. ती सव्वा इंचाहून लांब धरली तर सूत्र २२-२३ च्या जवळ जातं, प्रत्यक्षात व्हिटवर्थने १:२० ठेवला होता.

एनफिल्डपाशी मात्र सूत्र फसतं. इंचभर लांब गोळीला ते १:५० च्या आसपास पीळ मागतं आणि रायफलीत आहे १:७८. याचं कारण गोळीचं बूड पोकळ असतं. बार झाला की बूड फुगून खाचांत बसतं ही मिनिएच्या गोळीची करामत, पण त्याच पोकळीमुळे वजन नाकाकडे सरकतं आणि गोळी कमी फिरूनही सरळ जाते. म्हणजे मोजलेला पीळ सैल आहे एवढ्यावरून रायफल गोल गोळीचीच असं ठरवता येत नाही. नळीची रुंदी आणि खाचांची संख्या सोबत बघावीच लागते.

सैल-घट्ट म्हणजे नेमकं किती? एनफिल्डची गोळी सेकंदाला सुमारे ९०० फूट वेगाने निघाली तर १:७८ पिळात ती सेकंदाला १३८ फेरे घेते. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या .३०३ चा पीळ १:१०, वेग सुमारे २,४४० फूट. फेरे सेकंदाला २,९०० च्या वर. तिचा पीळ डावा आहे हेही जाता जाता.

कायद्याचं थोडक्यात. ठासणीची असली तरी चालू स्थितीतली रायफल १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली हत्यारच आहे आणि मुंबईत तिचा परवाना पोलीस आयुक्तांकडून घ्यावा लागतो. कलम ४५ मधली सूट जुन्या वस्तूंना आहे, पण दुरुस्त करूनही उडणार नाही अशांनाच. चोर बाजारातला माणूस ‘अँटिक आहे, काही लागत नाही’ म्हणाला तर त्याच्या म्हणण्याला कायद्यात किंमत नाही.

मोजून झाल्यावर कागदावर पीळ, त्याची दिशा, खाचांची संख्या, तोंडाशी मोजलेला व्यास आणि नळीची लांबी एवढं लिहून ठेवा. नळीत कोरडी चिंधी फिरवून मग तेलाची फिरवा. जुलैत दादर-गिरगावातल्या हवेत हात लागलेल्या उघड्या लोखंडावर गंज चढायला एक रात्र पुरते, त्यामुळे बाहेरूनही पुसा आणि कापडात गुंडाळून ठेवा. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका, चामडं ओल धरतं.